कपावरची मोकळी जागा

योपी कॉयमन हल्ली क्लबात फिरकत नाही. का म्हणून विचारलंत तर लोक सांगतील, गुडघे गेले बिचारीचे. गुडघे कसले गेले! समुद्राकडचा वारा तोंडावर घेत रोज सायकलवरून माझ्याकडे कॉफीला येते ती. काय गेलं ते मी सांगते. मी ट्रूस, ग्रोनोर्ड क्लबाची जुनी लेफ्ट बॅक. योपी माझ्या मागे गोलमध्ये उभी असायची, त्यामुळे माझ्या सगळ्या चुका तिने निस्तरल्यात.

आमच्याकडे हॉकी म्हणजे डॉक्टर-वकिलांच्या घरचा खेळ. योपीचा बाप ट्युलिपचे कंद निवडायचा, आणि शाळा सुटल्यावर तीही त्याच शेडमध्ये बसली. क्लबात ती आली तीच मुळी मैदानाच्या कडेने कंद लावायला. त्या दिवशी गोलकीपर आली नव्हती. मोठ्या घरच्या पोरींपैकी एकीलाही गोलमध्ये उभं राहायचं नव्हतं, चेंडू लागतो ना! मग कोणीतरी म्हणालं, "ए, त्या मातीवाल्या मुलीला घाला पॅड." घातले. ती जी उभी राहिली ती हललीच नाही. बारमध्ये मात्र तिच्या बोलण्याची नक्कल व्हायची, आणि ही वेडी त्यांच्याबरोबर हसायची.

त्या काळी युरोपातल्या क्लबांची, मोठ्या स्पर्धेखेरीज, आणखी एक स्पर्धा असायची. आपापल्या देशाचा कप जिंकलेले क्लब ईस्टरच्या सुट्टीत एका गावी जमायचे. हॉटेल वगैरे काही नाही. यजमानांच्या घरी, कोणाच्या तरी पोराच्या खोलीत झोपायचं. दिवसा जिची नडगी फोडली, संध्याकाळी बारमध्ये तिच्याच गळ्यात हात टाकून गायचं. कप म्हणाल तर साधा, वरून चांदीचं पाणी दिलेला. पण त्याची एक रीत होती. जिंकणाऱ्यांनी तो वर्षभर ठेवायचा आणि पुढच्या ईस्टरला परत नेताना, अगदी शेवटच्या आठवड्यात, त्यावर क्लबाचं आणि कप्तानाचं नाव कोरून घ्यायचं. आधी कोरलं तर लोक म्हणायचे, काय ही मिजास!

आम्ही फायनलला पोचलो त्या वर्षी आमची कप्तान होती ओडेट. नोटरीची मुलगी. ईस्टरला तिच्या घरच्यांनी ऑस्ट्रियात स्कीइंगचं ठरवलेलं, म्हणून ही बाई गेली डोंगरावर. अहो, बर्फ काय, दरवर्षी पडतो! कप्तान कोणाला करायचं यावरून सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि पट्टा योपीच्या दंडावर आला.

फायनल हॅम्बर्गला, आल्स्टरहोर्न क्लबाशी, त्यांच्याच मैदानावर. आदल्या वर्षीचे विजेते तेच, कपावर शेवटचं नाव त्यांचंच. बरोबरी झाली आणि सामना पेनल्टी स्ट्रोकवर गेला. शेवटचा स्ट्रोक योपीने हाताने अडवला. हातमोजा काढला तर अंगठा वांग्यासारखा टम्म आणि निळा. मी रडायला लागले तर माझ्यावरच खेकसली, "अगं ट्रूस, रडतेस काय? जिंकलो ना आपण!"

परतीच्या बसमध्ये कप तिच्या मांडीवर. हॅम्बर्गच्या नावाखालच्या मोकळ्या जागेवर ती दुसऱ्या हाताचा धड अंगठा फिरवत बसली होती.

"इथे आपलं येणार," ती म्हणाली.

"आणि त्याखाली तुझं, कप्तानसाहेब!"

"माझं राहू दे गं," ती म्हणाली खरी, पण कानापर्यंत लाल झाली होती.

पुढचा ईस्टर आलाच नाही. म्हणजे आला, पण स्पर्धा नाही. वरच्यांनी शरद ऋतूत ती गुंडाळून टाकली. टीव्हीवाल्यांना एकच मोठी स्पर्धा हवी होती म्हणे. ईस्टरच्या त्या बसेस, ती गाणी, सगळं संपलं. कप कोणी परत मागितलाच नाही. तो योपीच्या फ्रिजवर राहिला, आणि परत न्यायचा नाही म्हणून कोरायचाही राहिला.

दर ईस्टरला ती तो पुसायची. दर वार्षिक सभेत विचारायची, "नाव कधी कोरायचं?" समितीची उत्तरं ऐका. परत द्यायचा ठरला की कोरू. आपल्या मालकीच्या नसलेल्या वस्तूवर कसं कोरणार? पुढच्या सभेत घेऊ. मी तिला कितीदा सांगितलं, "बाजारातल्या सोनाराकडे ने आणि टाक कोरून! कोण विचारतंय?"

"आपलं नाव आपणच कोरायचं? क्लबाने कोरलं तर त्याला अर्थ. नाहीतर मी घरी चमच्यावर पण कोरीन."

काय बोलणार कपाळ! अशी सरळ माणसं पाहिली की मला डोकं आपटावंसं वाटतं.

मग बऱ्याच वर्षांनी क्लबाची नवी इमारत झाली, काचेच्या कपाटासकट. अध्यक्ष कोण, तर ओडेट. कपाटात ठेवायला कप हवा म्हणून निरोप आला. योपीने तो टॉवेलात गुंडाळून सायकलच्या टोपलीतून नेला आणि तिच्या हातात दिला. "ओडेट, आता तरी कोरून घ्या गं."

"योग्य ते करू हं, योपी," ओडेट म्हणाली.

योग्य ते काय, ते वसंतात कळलं. सभा बारमध्येच होती. आमच्यात सभासदच पाळीपाळीने बार सांभाळतात; त्या दिवशी योपीची पाळी, ती मागे ग्लास पुसत होती. ओडेट उठून म्हणाली, "आपल्या कपाटात एक कप आहे, त्यावर शेवटचं नाव आल्स्टरहोर्नचं आहे. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे राहिलीय, बरं दिसत नाही. ईस्टरनंतरच्या पेंटेकॉस्टच्या सुट्टीत त्यांचा संघ मैत्रीच्या सामन्याला येतोय. तेव्हा सन्मानाने परत करू."

टाळ्या! नव्या पोरांना वाटलं, वा, काय प्रामाणिक क्लब आपला.

मी खुर्ची ढकलून उठले. "ओडेट, लाज नाही वाटत? तो आम्ही जिंकलाय! तुला ठाऊक आहे!"

"ट्रूस, मी तेव्हा तिथे नव्हते."

"नव्हतीसच! बर्फात घसरत होतीस!"

काही जण हसले. ओडेट हसली नाही. अगदी गोड आवाजात म्हणाली, "कपावर जे आहे त्याप्रमाणेच आपण जाऊ शकतो ना? की योपी, तुला काही म्हणायचंय?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. बोल ना गं बये, मी मनात ओरडत होते, एकदा तरी बोल! तिच्या हातातला ग्लास कधीच कोरडा झाला होता, तरी ती पुसत होती.

"कॉफी कोणाकोणाला?" तिने विचारलं.

पेंटेकॉस्टला ओडेटने तो कप हॅम्बर्गच्या पोरींना दिला. ट्युलिपचा हंगाम सरलेला, म्हणून सोबत पिओनीची फुलं. त्या पोरी तेव्हा जन्मल्याही नसतील, त्यांना काय माहीत! त्यांना वाटलं, आपल्या क्लबाचाच जुना कप घरी चाललाय. क्रोकेट तळून द्यायला बारमागे योपीच होती. मी पाळी बदलून घे म्हटलं तर म्हणाली, "लावलीय ना, मग करायची."

उन्हाळ्यात हॅम्बर्गहून फोटो आला. क्लबाच्या फोनवरून तो सगळ्यांना पाठवला गेला, तेव्हा योपी माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. त्यांनी कप उजळून घेतला होता, आणि आभार म्हणून त्यावर एक नवी ओळ कोरली होती. ग्रोनोर्ड क्लब. त्याखाली ओडेटचं नाव, आडनावासकट.

मी फोन टेबलावर आपटला आणि तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. योपीने तो उचलला, चष्मा लावला, फोटो मोठा करून पाहिला. तिचा तो अंगठा अजून नीट वाकत नाही.

"जागा तीच आहे बघ," ती म्हणाली. "मी पुसायचे ती."