बिनमायेची बंडी

कपडा शिवताना शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड दडवून ठेवतात. शिंपी लोक त्याला माया म्हणतात. उद्या माणूस अंगाने भरला तर उसवून कपडा सैल करता यावा, एवढाच त्याचा हेतू. गल्लीतल्या टेलरमास्तरांची माया तर नावाजलेली. वीस वर्षांपूर्वीचा कोट घेऊन एखादा ढेरपोट्या यायचा, मास्तर शिवण उसवायचे आणि म्हणायचे, "हे बघा, तुमची ढेरी मी तेव्हाच धरून ठेवली होती." माप घेताना गिऱ्हाईक हटकून पोट आत ओढायचं. त्यावर मास्तरांचं वाक्य ठरलेलं असे, "श्वास सोडा साहेब. कपडा तुमच्यासाठी आहे, तुम्ही कपड्यासाठी नाही."

आणि हे ज्ञान पाजळणारा माणूस स्वतः शर्टाच्या आत काय घालून बसला होता, ते ऐका. कॉलरमध्ये घालतात त्या ताठ कॅनव्हासची बंडी. बगलेखाली अठरा हूक, छातीवरून करकचून आवळलेली. तिच्यात माया एका दोऱ्याचीही नाही, आणि ती मुद्दाम ठेवलेली नाही. सैल करायची सोयच नको! वर जाड शर्ट, त्याचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, आणि गळ्यात टेप, त्याची दोन टोकं बरोबर दोन बाजूंना लोंबत. उन्हाळ्यात त्या बोळकांडीएवढ्या दुकानात इस्त्रीची वाफ कोंडायची, गिऱ्हाईकं पेपरने वारा घ्यायची, आणि मास्तर घामाने निथळत म्हणायचे, "मला नाही बुवा उकडत."

गोष्ट साधी होती. मास्तरांची छाती बायकांसारखी वाढलेली होती.

चौदाव्या वर्षी सुरू झालं. आधी बोंडामागे सुपारीएवढी गाठ आली, मग फुगवटा. शाळेतल्या कवायतीच्या सरांनी खेळासाठी मुलांच्या दोन टोळ्या केल्या, एक शर्टवाली, एक उघडी. हा उघड्यात. शर्ट काढायला तयार होईना, तेव्हा सरांनीच ओढून काढला आणि म्हणाले, "अरेच्चा! या मावशी, या!" झालं. सगळ्या शाळेची मावशी झाली. वर्षभर त्याने ते सोसलं आणि एक दिवस दप्तर ठेवून एका शिंप्याकडे बसायला लागला. लोकांना वाटलं, पोराला कलेची आवड! आवड कसली डोंबलाची? तिथला शिंपी दिवसभर गळ्यात टेप आणि हातात कापड घेऊन असायचा. लपायला याहून बरी जागा कुठली?

लग्नाला चोवीस वर्षं झाली. बायको दुकानातच काजं, बटणं, तुरपाई करायची. गल्लीतली पोरं आधी तिला मावशी म्हणायची. मास्तर एकदा असे खेकसले की पोरं टरकून पळाली. "मावशी नाही म्हणायचं! काकू म्हणायचं!" तेव्हापासून ती सगळ्यांची काकू. एवढ्या मवाळ माणसाला मावशीचं काय वावडं, ते तिला कळलं नाही. बंडीबद्दल लग्नानंतर आठवड्यानेच विचारलं होतं. "पाठीला आधार लागतो," मास्तर म्हणाले. "बरं," ती म्हणाली. विषय संपला. घरात अळीमिळी गुपचिळी. दिवा घालवल्याशिवाय त्यांनी कधी शर्ट बदलला नाही, आणि तिने कधी दिवा लावला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण चोवीस वर्षं मूठ आवळून धरली तर बोटं आखडतात, हे कुणी सांगत नाही.

आणि मग मास्तरांच्या छातीत डाव्या बाजूला दुखायला लागलं. आंघोळ करताना हाताला कठीण गाठ लागली, दाबली की कळ यायची. बायकांना छातीत होतो तो आजार त्यांनी ऐकला होता. पुरुषाला होतो का, हे विचारणार कुणाला? विचारलं की शर्ट काढा म्हणणार. आणि तोच आजार निघाला तर? माणूस गेला कशाने, असं लोक विचारणार, आणि उत्तर ऐकून तोंडाला रुमाल लावून हसणार. म्हणजे मेल्यावरही मावशीच! मास्तरांनी गाठीवर कापसाची घडी ठेवली आणि बंडीचे हूक आत सरकवून ती आणखी आवळली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! चार महिने असेच काढले.

एका दुपारी खाली पडलेली कात्री उचलताना कापायच्या टेबलाचा कोपरा नेमका तिथे लागला. मास्तर कळवळून खालीच बसले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काकूने हातातली सुई कापडात टोचून ठेवली आणि शटर अर्धं खाली ओढलं.

"डावीकडे गाठ आहे ना?"

"कसली गाठ? काहीतरीच काय?"

"अहो, चार महिने बंडी धुताना आतून कापूस निघतोय. नेहमी डावीकडूनच. मी काय आंधळी आहे?"

मास्तर हळूच म्हणाले, "तुला... बाकीचंही माहीत आहे?"

"चोवीस वर्षं तुमचा संसार करतेय मी, शेजाऱ्याचा नाही." तिचा आवाज चढला आणि लगेच फाटला. "तुम्ही कधीतरी सांगाल म्हणून गप्प बसले. चुकलंच माझं. उठा आता, डॉक्टरकडे जायचंय. पिशवीत तुमच्या सगळ्या गोळ्या घेते."

डॉक्टरीण बाई लेकीच्या वयाची निघाली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शर्ट काढायला सांगितलं. मास्तरांची बोटं दुसऱ्या बटणावरच अडली. गिऱ्हाइकांच्या अंगावरची हजारो बटणं लावलेली ती बोटं, पण आपलं एक निघेना. शेवटी काकूने शर्ट काढला आणि बगलेखालचे हूक सोडायला घेतले. एक, दोन, तीन. डॉक्टरीण बाई घाई न करता थांबली होती. अठरावा हूक सुटला तेव्हा मास्तरांनी डोळे घट्ट मिटले होते. अंगावर बंडीच्या शिवणी लालभडक उमटल्या होत्या, काखेत चट्टे पडून कातडी सोलली होती.

कुणी हसलं नाही. दाराबाहेर एक रुग्ण खोकत होता, तेवढाच आवाज.

डॉक्टरीण बाईने दोन्ही बाजू तपासल्या, काखा तपासल्या, मग पिशवीतल्या गोळ्या एकेक करून पाहिल्या. गेल्या वर्षी पाय सुजायचे म्हणून सुरू झालेल्या गोळीवर ती थांबली. "या गोळीने काही पुरुषांची छाती वाढते, दुखतेही. बहुधा हीच. पण एकाच बाजूला कठीण गाठ आहे, म्हणून नुसत्या अंदाजावर सोडणार नाही. पुरुषांना तो आजार क्वचित होतो, पण होतो. गाठीचा फोटो काढून या. आणि गोळी परस्पर बंद करायची नाही हं, ज्यांनी दिली ते बदलून देतील."

तपासणी केंद्रात तर हद्दच झाली. त्या फोटोला बायकाच येतात, म्हणून रांगही बायकांचीच. मदतनीस चिठ्ठी घेऊन बाहेर आली आणि काकूला म्हणाली, "चला मावशी, तुमचा नंबर."

मावशी! मास्तर ताडकन उभे राहिले. पाय दाराकडे वळलेच होते. पळाले असते तर आयुष्यात पुन्हा तिथे आले नसते, हे त्यांनाही ठाऊक होतं. काकूने त्यांची बाही पकडली.

"नंबर यांचा आहे," ती खणखणीत म्हणाली. रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. मास्तर त्या नजरांमधून आत गेले. दहा पावलं असतील नसतील, पण त्यांना शाळेचं मैदान ओलांडल्यासारखं वाटलं.

आठवड्याने निकाल आला. तो आजार नव्हता. काकू तिथेच पदराने डोळे पुसायला लागली. मास्तर मात्र रडले नाहीत की हसले नाहीत. खुर्चीत पुढे सरकून त्यांनी विचारलं, "आणि हे जुनं? चौदाव्या वर्षापासूनचं?"

"त्या वयात पुष्कळ मुलांना होतं. शरीरातली रसायनं वर-खाली होतात, त्याने तिथली ग्रंथी वाढते. बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं. तुमचं राहिलं. आता ते गोळ्यांनी जायचं नाही, हवं तर छोटं ऑपरेशन करता येतं."

"तेव्हा दाखवलं असतं तर?"

"राहिलंय असं दिसल्यावर तेव्हाही करता आलं असतं."

मास्तर बोटं मोजत बसले. सदतीस वर्षं. सदतीस उन्हाळे. डॉक्टरीण बाईने बजावलं, आवळून काही घालायचं नाही, त्याने ते जात तर नाहीच, वर कातडी जाते.

घरी आल्यावर काकूने बंडी उलटी करून मांडीवर घेतली. टाके काढायची उसवणी हातात होती. दोन बोटं सैल करून देते म्हणाली, एकदम काढली तर हा माणूस दुकानात पाऊल टाकायचा नाही, हे ती ओळखून होती. तिने एक शिवण चाचपली, दुसरी चाचपली, मग सगळीकडे बोट फिरवलं.

"अहो, हिला माया कुठाय?"

मास्तरांनी बंडी परत घ्यायला हात पुढे केला.

"सगळ्या जगाला दोन-दोन बोटं माया ठेवलीत, आणि स्वतःला एवढीसुद्धा नाही?"

"ठेवली असती," मास्तर म्हणाले, "तर एखाद्या दिवशी सैल केली असती."

काकूने बंडी बाजूला टाकली. खिडकीतून अजून लख्ख ऊन येत होतं, तिने पडदा ओढला नाही. मास्तरांच्या गळ्यातला टेप काढून घेतला, चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

"शर्ट काढा. नवीन सैलसर शिवते, मऊ कापडाची."

बराच वेळ गेला, पण शर्ट निघाला. टेप पाठीमागून पुढे आला. तिचे हात थंडगार होते.

"श्वास सोडा," काकू म्हणाली.

मास्तरांना काही तो सोडता येईना. काकू टेप धरून तशीच थांबली.