वहिनीच्या ओटीतली अंडी

भाताची लावणी आटोपत आली होती. पुतण्या आंदर मावळातून चालत लोणावळ्याला माझ्या खोलीवर आला आणि दारातच उभा राहिला. "काका, आई गेली," एवढंच म्हणाला. मी त्याला पाणी दिलं, आणि मला आठवली ती अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी... ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल. पण यमुनावहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, आणि ती कोंबडी मला कधी वेगळ्या करता आल्या नाहीत.

मागच्या लढाईच्या आधीची गोष्ट. प्लेग आला, गावात उंदीर मरून पडू लागले. वहिनीची पहिली लेक ठकू तेव्हा पाच-सहा वर्षांची असेल. तिनंच हट्टानं अंडी निवडून माजघराच्या कोपऱ्यात, पाटीत पेंढा घालून कोंबडी बसवली होती. पिल्लं कधी निघणार, म्हणून दिवसभर आईला भंडावून सोडायची. मग तिच्या काखेत गाठ आली. ताप चढला आणि पोर गेली. तिला पुरून आलो, तोवर सगळं गाव माळावरच्या झोपड्यांकडे निघालं होतं. त्या आकांतात घराला कडी घातली, पण आतल्या कोंबडीची कुणाला आठवण राहिली नाही.

माळावर वहिनी बोलत नव्हती, जेवत नव्हती. एका सकाळी एकदम उठली. "माझ्या ठकीनं बसवलीया ती. अंड्यांवर मरंल, पन उठायची न्हाई."

"येडी झालीस का?" दादा ओरडला. "घरात मरन बसलंय!"

ती चालायला लागली होती. मी मागोमाग धावलो.

माणसं नसलेलं गाव मी त्याआधी पाहिलं नव्हतं. चुली थंड, गोठे मोकळे, एका ओट्यावर कुणाचं तरी मुंडासं तसंच पडलेलं. आमच्या दाराची कडी काढली तेव्हा तिचा आवाज गल्लीभर घुमला. आत अंधारात कोंबडी बसलेलीच होती. तुरा पांढरा पडलेला, अंगात नुसती हाडं. वहिनी तिच्याजवळ वाकली आणि तशीच थबकली.

"भावजी... ऐकलंत?"

"काय?"

"ठकी. कोंबड्यास्नी हाक मारतीया."

"कुनी न्हाई, वयनी. चला बिगी बिगी."

पेंढ्यात पिसवा असतील म्हणून मी पाटी तिथंच टाकायला लावली. वहिनीनं अंडी पुसून ओटीत घेतली, कोंबडी माझ्या हातात दिली. माळावर आम्हाला कुणी जवळ येऊ देईना. दादानं लांबवर एक आडोसा करून दिला, तिथंच राहिलो. पिल्लं निघाली आणि कोंबडी मेली. तिच्यात काही उरलंच नव्हतं. मग वहिनीनं मडक्यात गरम राख भरली, भोवती घोंगडी गुंडाळली आणि पिल्लं त्याला बिलगवून ठेवली. राख निवली की ती त्यांना पदराखाली घ्यायची. त्यांना ऊब द्यायला का होईना, वहिनी जगली. पहिली भाकरी तिनं खाल्ली ती पिल्लांसाठी कुस्करता कुस्करता.

पुढं तिला दोन मुलगे झाले. मी रेल्वेत लागलो, लोणावळ्याला आलो. त्या सकाळबद्दल आम्ही कधी बोललो नाही. गेल्या शिमग्याला गेलो तेव्हा ती ओट्यावर कण्या निवडत होती. आता विचारलं नाही तर राहून जाईल, असं वाटलं.

"वयनी, त्या दिशी खरंच ऐकू आलं व्हतं?"

"व्हय." सुपातून नजर न उचलता ती म्हणाली. "तुमाला न्हाई आलं?"

"न्हाई."

तिनं सूप खाली ठेवलं आणि हळूच म्हणाली, "मग घरातनं निघताना तुमी मागं वळून 'आलो गं' कुनाला म्हनलात?"

मला आठवत नाही. खरंच आठवत नाही...

दहाव्याच्या आदल्या रात्री मी त्याच माजघरात निजलो होतो. पहाटे बाहेर वहिनीची सून कोंबड्यांना हाक मारू लागली. सगळे उठून नदीवर जायच्या तयारीला लागले. मी अंथरुणातच उठून बसलो. सुनेचा आवाज थांबल्यावरही कितीतरी वेळ कान देऊन तिथंच बसून राहिलो.