वर्गाची सरासरी

“अशा मुलांमुळेच वर्गाची सरासरी खाली येते हो,” अनुजा म्हणाली आणि माझ्या ताटात अजून एक पुरी वाढली.

मी पुरी खाल्ली.

शहराच्या ईस्ट कोस्ट भागातल्या तिच्या महागड्या कॉन्डोत आम्ही आठ-दहा मराठी आईबाप जमलो होतो. सगळ्यांची मुलं एकाच शाळेत. शाळा सरकारी, पण परीक्षा घेऊन निवडक मुलं घेणारी. तिथून पत्र आलं होतं : पुढल्या वर्षी काही जागा साध्या वस्तीतल्या शाळांमधल्या मुलांना द्यायचा विचार आहे, नुसते मार्क बघणार नाही. त्याला विरोध कळवायचा, म्हणून ही बैठक.

अशी मुलं म्हणजे कोण, ते अनुजाने नाव घेऊनच सांगितलं. नूर. माझ्या मुलीच्या वर्गातली मलय मुलगी, परीक्षा देऊनच आलेली. बाप बस चालवतो. बुकित बातोकच्या सरकारी वसाहतीत आमच्या शेजारच्याच ब्लॉकमध्ये राहतात. शाळा सुटली की ती माझ्या लेकीबरोबर आमच्या घरी येते, कारण तिच्या घरी पाच भावंडं आणि बसायला जागा नाही. दोघी पंख्याखाली पालथ्या पडून गणितं सोडवतात.

“आपल्याकडे कोट्याने वाट लावली,” अनुजाचा नवरा म्हणाला. “ते सोडून इथे आलो. आता इथेही तेच?”

सगळे हसले. मीही हसले. लिहायला लाज वाटते, पण हसले.

माझं आडनाव गावावरून पडलेलं. त्यावरून जात कळत नाही. बारा वर्षं या शहरात मी त्या आडनावाच्या आडोशाला राहिले. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. लेकीलाही नाही. तिला कशाला तो भार, असं म्हणायचे. खरं म्हणजे भीती होती.

अकरा वर्षांची होते तेव्हा जिल्ह्यातल्या अशाच एका निवडक शाळेत माझा नंबर लागला होता. राखीव जागेवर. आई वीटभट्टीवर होती. सहामाहीचे पेपर वाटताना गणिताच्या सरांनी टेबलावर दोन गठ्ठे मांडले. एक जनरलचा, एक आमचा. अख्ख्या वर्गात मला दुसऱ्या क्रमांकाचे मार्क होते. पेपर निघाला आमच्या गठ्ठ्यातून. सर म्हणाले, “शाबास. तुमच्यात पहिली आलीस.”

कौतुकानेच म्हणाले. मी “थँक्यू सर” म्हटलं आणि जागेवर जाऊन बसले. त्या दिवशी काही बोलले नाही. पुढेही नाही. शिकत गेले. संख्याशास्त्रात डॉक्टरेट केली, इथल्या विद्यापीठात नोकरी धरली. वाटलं, सुटले.

जेवणं झाल्यावर अनुजा जवळ येऊन बसली. मुलांनी एकमेकांना विचारून वर्गातल्या सगळ्यांच्या मार्कांची यादी केली होती. प्रत्येक नावापुढे वंश. चायनीज, इंडियन, मलय.

“तुमचा विषयच आहे ना हा? एक चार्ट करून द्या. आणि पत्राखाली तुमची डॉक्टरची सही. म्हणजे वजन पडेल.”

“बघते,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात अनुजाने पाठवलेली यादी उघडली. वंशाप्रमाणे लावली. मलयच्या खाली तीन नावं. तीन मुलांच्या मार्कांवरून अख्ख्या जमातीबद्दल बोलायचं. पहिल्या वर्षाच्या पोराने असं केलं तर मी त्याला नापास करते. तरी माझा हात चालत राहिला. सवयीने. चार्ट तयार झाला. दोन मिनिटांचं काम.

मग बघितलं. मी गठ्ठे लावले होते. माझ्या हाताने.

सगळं पुसून टाकलं. राग आला असेल असं कुणाला वाटेल. राग नव्हता. थकवा होता. तीस वर्षं पाठ ताठ धरून बसलेल्या माणसाला येतो तसा.

रविवारी पुन्हा जमलो. या वेळी सेरंगूनला, एकांच्या घरी. अनुजाने चार्ट मागितला.

“मी करणार नाही.”

“वेळ नाही का? घाई नाहीये हो.”

“वेळ आहे. मी राखीव जागेवर शिकलेय. दलित आहे. माझ्यामुळे कुठल्या वर्गाची सरासरी खाली आली नाही. आणि आली असती, तरी मी तिथे बसणारच होते.”

कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला. अनुजा लाल झाली. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, “अहो, तुम्हाला नाही म्हटलं मी. तुम्ही तशा वाटतच नाही.”

“मी कशी वाटायला हवी होते?”

मी पायात चपला घातल्या आणि एमआरटी ट्रेनने घरी आले.

पत्र गेलंच. चार्ट दुसऱ्या कुणी केला. माझी आणि अनुजाची लेक अनुजाच्या गाडीतून ट्यूशनला जायच्या. ते थांबलं; का, ते कुणी सांगितलं नाही. माझ्या लेकीला मात्र वर्गातून कळलं. रडत घरी आली आणि इथल्या मुलांच्या इंग्रजीत ओरडली.

“नो नीड टू से लाह, आई! आता सगळ्यांना माहितीये. आणि मलाच माहीत नव्हतं.”

शेवटचं वाक्य लागलं. ते खरं होतं. तिला समोर बसवून सगळं सांगितलं. वीटभट्टी, शाळा, सर. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, “तू घाबरत होतीस?”

“हो.”

“आता?”

“आताही.”

ती उठून आत गेली. अजून नीट बोलत नाही.

मी शाळेला वेगळं पत्र पाठवलंय. एकटीच्या सहीने. जागा ठेवा, असं लिहिलंय. आणि मी कोण, तेही. उत्तर आलेलं नाही. या शुक्रवारी शाळेत पालकसभा आहे, तिथे हा विषय निघणार. अनुजा आणि बाकीचे असतीलच. लेक म्हणते, प्लीज, येऊ नकोस.

मी जाणार आहे. बोलणार आहे.