सिंकपी म्हणजे मधलं गळणं

“घाबरायचं नंतर. आधी शब्द कुठून आला ते बघू,” असं म्हणत आमच्या इंग्रजीच्या मॅडम चष्मा कपाळावर सरकवायच्या. प्राचार्यांची नोटीस असो की पेपरातली वादळाची बातमी, त्यांचं हे ठरलेलं. रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी त्यांच्या शेजारी बसून इतिहासाचे पेपर तपासायची. अशी एखादी बाई तुमच्याही ऑफिसात असेल, जिच्यापुढे भीतीसुद्धा जरा शिस्तीत वागते.

एकदा चहाचा कप हातात असतानाच त्या खुर्चीवरून कोसळल्या. लगेच शुद्धीवर आल्या, पण ओठ पांढरेफटक पडले होते. दवाखान्यात डॉक्टरांनी केसपेपरवर एक इंग्रजी शब्द लिहिला. नर्सने तो ‘सिनकोप’ असा वाचला.

“सिंकपी,” मॅडमनी पडल्या पडल्या दुरुस्त केलं आणि माझ्याकडे वळल्या. “अगं, हा तर व्याकरणातला शब्द. मूळ ग्रीक, कापून टाकणं. शब्दाच्या मधलं अक्षर गळतं ना, ती सिंकपी. आपण ‘पाहिजे’चं ‘पायजे’ करतो, तसं.”

“आणि डॉक्टरांच्या भाषेत?”

“माणूसच मधे गळतो,” म्हणून त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

तपासण्यांत कळलं, त्यांच्या हृदयाचा ठोका मधेच थांबत होता. मुलाकडे ठाण्याला जाऊन पेसमेकर बसवायचं ठरलं. तोवर स्कूटर चालवायची नाही, अशी ताकीद होती. जाण्याआधी त्यांना एकदा आरे-वारेचा समुद्र बघायचा होता. “रिक्षा नको गं, वारा लागू दे,” म्हणून त्या माझ्या स्कूटरवर मागे बसल्या.

उताराला माझ्या कमरेवरचा त्यांचा हात सैल पडला. मग त्यांचं डोकं माझ्या पाठीवर आदळलं. कसाबसा ब्रेक दाबून मी पाय टेकले आणि एक हात मागे नेऊन त्यांची साडी मुठीत धरली. उतरावं तर त्या पडणार, हाक मारावी तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खोल खाली समुद्र. त्यांचा श्वास मानेला लागतोय का, एवढंच मी बघत होते. लागत नव्हता.

किती वेळ गेला कोण जाणे. मग मानेशी ऊब जाणवली.

“मॅडम?”

“हात सोडू नकोस.” आवाज लहान मुलीसारखा झाला होता. “मला फार भीती वाटते गं. मधे काहीच नसतं. अंधारसुद्धा नसतो.”

मी हात सोडला नाही. थोड्या वेळाने मासळीचा एक टेम्पो आला. ड्रायव्हरने त्यांना अलगद उतरवून घेतलं. “काकी, पुढे बसा माझ्याजवळ,” म्हणाला आणि थेट दवाखान्यात आणलं.

ठाण्याला ऑपरेशन नीट झालं. मॅडम मात्र परत आल्या नाहीत. मुलगा एकटं राहू द्यायला तयार नाही. त्यांच्या खुर्चीवर आता एक नवे सर बसतात.

रविवारी त्यांचा फोन येतो. कॉलेजातल्या गोष्टी विचारतात, सुनेच्या माशाच्या आमटीला नावं ठेवतात आणि एखाद्या वाक्यात मधेच गप्प होतात. मी पंखा बंद करते आणि फोन कानाला दाबून उभी राहते, तिकडचा श्वास तरी ऐकू यावा म्हणून.

“आहे गं मी,” त्या म्हणतात. “पाणी पीत होते.”