अक्कांचं झाकलेलं बोट

आमच्या अक्कांशी वादात जिंकलेला माणूस अख्ख्या बेंगळुरूत सापडायचा नाही. आणि हरलेला प्रत्येक जण वर पुन्हा त्यांच्याच प्रेमात पडतो, हे माझं खरं दुखणं. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. दर शनिवारी त्या जेलमध्ये बायकांना शिवण शिकवायला जातात आणि उरलेला आठवडा कैद्यांना मत देता आलं पाहिजे म्हणून जगाशी भांडतात. ऑटोत बसल्या की मीटर पडायच्या आधी विषय सुरू. मागे एका बारशाला तर पाळण्याची दोरी हातात धरून व्याह्यांना हेच ऐकवत बसल्या. व्याही माना डोलावत राहिले, बाळ बिननावाचं झोपून गेलं, आणि मी पहाटे उठून केलेल्या चिरोट्यांना कुणी विचारलं नाही. मी एकदा म्हटलं, ज्यानं कायदा मोडला त्याला कायदा करणारा निवडायचा हक्क कशाला? तर म्हणाल्या, "काल वनवेत उलटा ऑटो घालायला तूच सांगितलंस ना? मग तुझंही मत काढून घेऊ? आणि माझ्याकडच्या कितीतरी जणींचा खटला अजून चालूच आहे. गुन्हा ठरायचाय, मत आधीच गेलं."

यंदा एक उमेदवार हात जोडत दारात आला. दारापुढच्या गटाराचं मी त्याला किती वर्षं सांगतेय, पण मी कोण हे त्याला ठाऊक नाही. अक्कांनी त्याला ताक दिलं आणि विचारलं, खटला चालू असताना तुम्ही आत गेलात तर आतून निवडणूक लढवाल, मग आतल्या बाईनं मत का द्यायचं नाही? ताक त्याच्या नाकात गेलं. "सरी अक्का, सरी," असं कानडीत बरं-बरं म्हणत पळाला. आता गाडीची काच खाली करून नमस्कार करतो, तोही त्यांनाच.

मतदान हा आम्हा दोघींचा सण. ठेवणीतल्या साड्या नेसायच्या, मत द्यायचं, आणि चौकातल्या हॉटेलात बोटाची शाई दाखवून फुकटचा डोसा खायचा. अक्का माझ्या एकटीच्या असतात तो हाच दिवस. पण यंदा केंद्राबाहेर पडताच त्यांनी पर्समधून पट्टी काढून शाईच्या बोटाला गुंडाळली. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. आतल्या बायकांना ते बोट दाखवणं म्हणजे उपाशी माणसापुढे ढेकर देणं, म्हणाल्या. मग उद्या बांधा की, मी म्हटलं.

"खोटं बोलायची स्वल्प सवय नको का गं?"

हॉटेलात बोट कापलंय म्हणाल्या, त्यामुळे फुकटचा डोसा मला एकटीलाच मिळाला आणि त्यातला अर्धा त्यांनी खाल्ला. खाताना बोलणं सगळं त्या बायकांचं. मला चटणी गोड लागेना. माझ्यासाठी कुणी कधी बोट झाकलंय?

शनिवारी संध्याकाळी परतल्या त्या पट्टीशिवाय. बोट कापलं म्हणून बायकांनी त्यांना सुईला हात लावू दिला नव्हता. एकीनं दोरा ओवला, दुसरीनं पाणी आणलं. तिसरी, खटल्याची वाट बघत बघत केस पिकलेली, पट्टी नीट बांधून देते म्हणून जवळ बसली. सोडते तर आत जखम नाहीच. अक्कांनी मान खाली घातली. ती बाई म्हणाली, "झाकता कशाला, अक्का? बघू द्या की." मग एकेकीनं ते बोट हातात घेऊन पाहिलं, नव्या सुनेच्या पाटल्या पाहाव्यात तसं.

एवढं सांगून आमच्या वादपटू अक्का स्वतःचंच बोट निरखू लागल्या. मी माझं बोट पदराआड घेतलं. शाई तीच, पण ते पाहिलं एका डोसेवाल्यानं, तेही पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारत.

"पुढच्या शनिवारी मी येऊ का?" मी विचारलं. "मला काजं छान येतात."

"सरी," अक्का म्हणाल्या. "पट्टी मात्र आणू नकोस."

तेव्हापासून भांडी घासताना मी डावा हात जपते. शनिवारपर्यंत शाई टिकायला हवी.