फोटोपुरतं हस्तांदोलन

नव्वदच्या दशकात योकोहामात आमच्या कंपनीच्या खर्चाने शांततेसाठी संगीताचा एक कार्यक्रम झाला. अरब मुसलमान आणि ज्यू कलाकार त्यात एकत्र वाजवणार होते. भारतात हिंदू-मुसलमान असतात, म्हणजे मला यातलं कळत असणार, असं ठरवून साहेबांनी मला पाहुण्यांच्या दिमतीला दिलं.

त्यातला उद हे तंतुवाद्य वाजवणारा मोरोक्कन गृहस्थ अजून आठवतो. जाडा, शांत, सारखा मिशीवरून बोट फिरवणारा. त्याचा ज्यू साथीदार व्हायोलिन वाजवायचा आणि पॅरिसमध्ये त्याच्याच इमारतीत राहायचा. हे ऐकून आयोजक बाईंचा चेहरा पडला.

"स्टेजवर हे सांगू नका," त्या म्हणाल्या.

त्यांनी दोघांना दोन टोकांना बसवलं आणि शेवटी मध्ये येऊन हात मिळवायला लावलं. फोटो नीट आला नाही, म्हणून पुन्हा एकदा. दोन्ही वेळा लोकांनी डोळे पुसले. उदवाला मात्र आधी आपला हात कोटाला पुसायचा, जणू पहिल्यांदाच भेटतोय.

बाई आणि मी त्यांना सोडायला स्टेशनवर गेलो. मी उदवाल्याला हळूच विचारलं, "तुमचं कधी भांडण होत नाही?"

"रोज होतं. जेरुसलेमवरून," तो म्हणाला. "पण त्याला अख्खी संध्याकाळ लागते. इथे आम्हाला दीडच तास दिला होता."

गाडीत दोघे शेजारी बसले आणि दार लागायच्या आत हातवारे करत भांडायला लागले. बाई तेव्हा कमरेत वाकून निरोप देत होत्या, त्यामुळे त्यांना ते दिसलं नाही.