आईच्या हाताची पारख

अर्धवट शिकलेल्या माणसाइतका त्रास अडाणी माणूस देत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. रत्नागिरीतल्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या बरण्या पुसतो आणि घरी येऊन आईला शहाणपण शिकवतो.

आईने जन्मभर कोंबड्या पाळल्या. अनोळखी कोंबडी विकत घेताना ती तिला काखेत धरायची, छातीचं हाड चाचपायची, शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये बोटं ठेवून बघायची आणि कोंबडी कितव्या वर्षात आहे ते सांगायची. विकणारी बाई मग वाद घालत नसे. पुढे आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तरी तिचं काही अडलं नाही.

मागच्या शिमग्याला धाकटा भाऊ बायकोमुलांना घेऊन मुंबईहून आला. त्याला ब्रॉयलर चालत नाही, गावठीच लागते. आमच्या खुराड्यात एक तांबडी कोंबडी होती, आईने पावसाळ्यात विकत आणलेली. तिच्या पायांचे खवले उचकटलेले होते आणि दोन महिन्यांत तिने अंडं दिलं नव्हतं. खडबडीत पाय म्हणजे म्हातारी कोंबडी, हे मी मोबाईलवर बघून ठेवलं होतं. भावासमोर ते ठासून सांगितलं आणि हीच कापू म्हणालो.

आई म्हणाली, "म्हातारी नाय ती. पायांना कीड लागलीय, रोज तेल लावतेय मी. दुसऱ्या वर्षातली आहे. हाडं सुटलीत, आठ दिवसांत अंडं देईल."

तुला धड दिसत नाही, तुला काय कळणार, असं मी हसत म्हणालो. भाऊ हसला, त्याची बायकोही हसली. आईने कोंबडी पकडली आणि माझ्या हातात आणून दिली.

मागच्या दारी मी ती कापली. पोटात पिवळ्या बलकांचा घड होता, मोहरीएवढ्यापासून सुपारीएवढ्यापर्यंत, आणि खाली कवच धरलेलं एक आख्खं अंडं. आठ दिवससुद्धा लागले नसते.

आई दारात उभी होती. "काय निघालं आत?" तिने विचारलं.

"काही नाही. नुसती चरबी."

"मग चुकला माझा हात," ती म्हणाली आणि मसाला वाटायला आत गेली.

अंडं आणि बलक मी मांजरापुढे टाकले. रस्सा आईनेच केला आणि कोंबडी बघता बघता शिजली. म्हातारी कोंबडी अशी शिजत नाही, हे चुलीपाशी बसलेल्या तिला कळलंच असणार. तिने सगळ्यांना वाढलं. स्वतः आमटीभात खाल्ला. मला तेव्हाच खरं सांगता आलं असतं, पण भाऊ समोर होता.

पुढच्या महिन्यात तिने उरलेल्या कोंबड्या शेजारी देऊन टाकल्या. नंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता तिला सुईत दोरा ओवता येतो.

वाडीतल्या बायका अजून कोंबडी घेऊन तिच्याकडे येतात. ती हात लावत नाही. "त्याला विचारा," म्हणते, "आमच्यात तोच जाणता." मी कोंबडीचे पाय बघतो, तोंडाला येईल ते वय सांगतो, आणि आई तोवर माझ्या तोंडाकडे बघत असते.